अनावरणाचा शिंपी

बेंगळुरात एखादा पुतळा उघडायचा तर आधी तो झाकावा लागतो, आणि झाकायचं काम चौतीस वर्षं चामराजपेटेतले कृष्णाजी हंचाटे करत आले. पुतळा कुणाचा, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नाही. राजा असो, संत असो, नाहीतर जिवंतपणी ज्याला कुणी दारात उभं केलं नाही असा पुढारी असो, कृष्णाजींच्या लेखी तो नुसतं एक माप असतो. ‘सोळा फूट, घोड्यासकट’ हा एक, ‘नऊ फूट, हात वर’ हा दुसरा. हात वर केलेल्या थोर पुरुषांवर त्यांचा विशेष राग, कारण कापड नेमकं तिथेच अडकतं. हयातीत काय हातवारे करायचे ते करावेत, पुतळ्यात तरी माणसानं हात खाली ठेवावेत, असं त्यांचं मत आहे आणि ते त्यांनी दोन शिल्पकारांना तोंडावर ऐकवलेलं आहे.

आजोबा निपाणीकडून आले ते चामराजपेटेत टेकले. तेव्हापासून घरात मराठी, दुकानात कन्नड आणि शिवणयंत्र अडलं की दोन्ही, अशी या घराची भाषा. दुकान इतकं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं तर कृष्णाजींना मशीनला पोट चिकटवून बसावं लागतं. बँडवाल्यांचे लाल कोट, शाळांच्या स्नेहसंमेलनातले मुकुट, पदवीदानाचे काळे झगे, हे रोजचं काम. त्यानं पोट भरतं. मान मिळतो तो पडद्यानं.

ही विद्या ते यशवंतपूरच्या घाऊक बाजारात शिकले. विशीत असताना तिथे ते तांदळाच्या पोत्यांची तोंडं शिवायचे. आता पोत्याचा टाका तुम्हीही बघितला असेलच. योग्य टोक हाताला लागलं तर एका झटक्यात सर्रकन सगळी शिवण उसवते. चुकीचं टोक धरलं की ओढाल तेवढी घट्ट बसते, आणि मग घरातली बाई विळी घेऊन येते. बाजारात हजारो लोकांनी तो टाका बघितला, त्यात डोकं चालवलं ते कृष्णाजींनी. एका चौकात एका मंत्र्यांनी अनावरणाची दोरी ओढली, कापड पुतळ्याच्या पगडीत अडकलं, मंत्री जिद्दीचे होते, त्यांनी पुन्हा ओढली आणि पगडी कापडासकट खाली आली. कागदोपत्री पुतळा ब्राँझचा होता, आतून प्लास्टर निघालं. दुसऱ्या दिवशी कृष्णाजी त्या मंत्र्यांच्या खात्याच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, पुढचा पडदा मला द्या.

त्यांचा पडदा म्हणजे दोन पाखं, पुढचं आणि मागचं. पुतळ्याच्या डाव्या उजव्या अंगाला आणि डोक्यावरून एकच सलग पोत्याचा टाका. उजवीकडे खाली सुरुवात, तिथे पक्की गाठ. डावीकडे खाली शेवट, तिथे गाठ नाही. जगातला कुठलाही शिंपी शेवटाला गाठ मारतो, कृष्णाजी ती मारत नाहीत, हीच सगळी विद्या. डाव्या टोकाला दोरी बांधायची, पाहुण्यांनी हलकेच ओढायची आणि दोन्ही पाखं एकदम खाली. “चौतीस वर्षांत एकदाही अडकला नाही,” हे वाक्य त्यांनी इतक्या लग्नांत, बारशांत आणि तेराव्यांना ऐकवलंय की चंद्राबाई, त्यांच्या पत्नी, ते सुरू झालं की पानदान शोधायला उठतात.

या घरातली बारावीच्या पुढे गेलेली पहिली व्यक्ती म्हणजे प्रणिता. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी. तिनं एम. ए.ला कन्नड घेतलं तेव्हा नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. मराठी शिंप्याची मुलगी आणि कन्नड साहित्य शिकून काय उजेड पाडणार, असं हुबळीची आत्या फोनवर म्हणाली, कन्नडमध्येच. कृष्णाजींनी मात्र मुलीचं प्रवेशपत्र फ्रेम करून दुकानात लावलं, मंत्र्यांबरोबरच्या फोटोंच्या वर.

विद्यापीठ शहराच्या पश्चिमेला. आवार एवढं मोठं की एका विभागातून दुसऱ्या विभागात जाईपर्यंत तास संपतो. तिथल्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात दोन वर्षांपूर्वी छताचा गिलावा कोसळला, सुदैवाने रविवारी, आणि तेव्हापासून तिथे कुलूप आहे. कुलूप नवीन आणलं, छत नाही. मग मुलं प्रशासकीय इमारतीसमोरच्या चार करंजांखाली बसून अभ्यास करायला लागली. सावली दाट, वारा बरा. दोन वर्षं हेच विद्यापीठाचं ग्रंथालय होतं म्हणा ना.

कुलगुरूंच्या खिडकीतून ही जागा दिसायची आणि त्यांच्या डोळ्यांना ती रिकामी दिसायची. रिकाम्या जागेची त्यांना फार चीड. प्राध्यापकांच्या एकशे बारा जागा रिकाम्या होत्या त्यांची नाही, या एका जागेची. तिथे त्यांनी बावीस फुटी स्टीलचं शिल्प बसवायचं ठरवलं. नाव ‘ज्ञानोदय’. माहितीपत्रकात लिहिलं होतं की हे शिल्प शून्य आणि अनंत यांच्यातला संवाद आहे. संवादाला जागा हवी म्हणून चारही करंज कापले.

मुलं भडकली. आधी निवेदन दिलं, त्याची पोच मिळाली. मग दुसरं निवेदन दिलं, त्याला पहिल्या निवेदनाची पोच जोडून परत पाठवलं. मग ती करंजांच्या बुंध्यांवर फलक घेऊन बसली. ‘शून्य आमच्याकडे भरपूर आहे, छप्पर द्या’ हा फलक प्रणिताचा. अक्षर सुरेख, कन्नड त्याहून सुरेख. पेपरात फोटो आला आणि चंद्राबाईंनी तो शेजारच्या चार घरांत दाखवला, फलकावर काय लिहिलंय ते न बघता.

आणि त्याच आठवड्यात कृष्णाजी दुकानातून जांभळ्या साटीनचा तुकडा घेऊन घरी आले. प्रणितानं तो तुकडा बघितला आणि तिच्या लक्षात आलं.

“अप्पा, हे काम घेऊ नका.”

“घेतलंय. काल माप घेऊन आलो.”

“तुम्हाला माहितेय त्या कापडाखाली काय आहे?”

“बावीस फूट उंची, एकतीस घेर. हात नाहीत, देवाची कृपा.”

“अप्पा, मी गंमत करत नाहीये. तिथे बसून आम्ही वाचायचो. झाडं कापली त्यांनी.”

कृष्णाजींनी तुकडा घडी करून खिशात ठेवला. खरं सांगायचं तर माप घेताना त्यांनाही ते शिल्प पटलं नव्हतं. आयुष्यभर पुतळे मापले, पण याची छाती कुठे, खांदा कुठे, तेच कळेना. शेवटी त्यांनी टेप एका वाकड्या नळीभोवती गुंडाळली आणि तिलाच कंबर मानलं. पण हे मुलीला कसं सांगायचं?

“हे बघ पुट्टी, पोरी,” ते म्हणाले, “तुझं भांडण शिल्पाशी. माझं काम कापडाशी. शिंप्यानं गिऱ्हाइकाचं तोंड बघत बसलं तर चामराजपेटेत सगळे उघडे फिरतील.”

प्रणिता उठून आत गेली. तिनं दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, म्हणजे ‘बरं’ या अर्थाचं कन्नड “सरी” आणि “नको”, एवढंच.

बुधवारी कृष्णाजी पडदा चढवायला विद्यापीठात गेले. क्रेनच्या पाळण्यात उभं राहून त्यांनी पन्नास फुटांची शिवण हातातल्या मशीननं घातली, डावीकडच्या टोकाला लाल फीत बांधली म्हणजे दोरी कुठे लावायची ते आंधळ्यालाही कळावं, आणि खाली उतरले. नागराज, विद्यापीठाचा वायरमन, जो लाऊडस्पीकरपासून हारतुऱ्यांपर्यंत सगळंच बघायचा, त्याला तीन वेळा सांगितलं, “डावं टोक. लाल फीत.” नागराज तीन वेळा “गोत्तू अण्णा, माहितेय” म्हणाला. जो माणूस तीन वेळा माहितेय म्हणतो त्याला चौथ्यांदा सांगावं, हे कृष्णाजींना नंतर सुचलं.

तेवढ्यात कुलसचिवांचं बोलावणं आलं. कुलसचिव भीमाचार्य मोठा गोड माणूस. ज्याचं वाईट करायचं त्याला ते आधी कॉफी पाजत. त्यांनी बाय-टू कॉफी मागवली, अर्धी स्वतः घेतली, अर्धी कृष्णाजींपुढे सरकवली आणि एक यादी काढली. आंदोलन करणाऱ्यांपैकी अकरा नावं. परीक्षेचं हॉल तिकीट रोखण्याची शिफारस. सातवं नाव प्रणिता कृष्णाजी हंचाटे.

कृष्णाजींनी कपबशी खाली ठेवली. शेवटचं सेमिस्टर, महिन्यावर परीक्षा.

“तुम्ही आमचेच आहात,” भीमाचार्य कन्नडमध्ये म्हणाले. “शुक्रवारी अनावरण झालं की दुपारी कुलगुरू या यादीवर सही करतील. फाइलवर तसा शेराच आहे, अनावरणानंतर. त्या यादीत दहाच नावं असतील, त्याची व्यवस्था माझ्याकडे.” आणि त्यांनी एक छापील कागद पुढे केला. पालकाचं माफीपत्र. “फाइलमध्ये राहील. कुणाच्या बापाला दिसणार नाही.”

कृष्णाजींना कन्नड वाचता येत होतं, मराठीपेक्षा बरं येत होतं. पण डोळ्यांपुढे सातवा आकडा नाचत होता. त्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या, खाली बोट ठेवलेल्या जागी सही केली आणि उरलेली कॉफी न पिता निघाले. घरी मूग गिळून बसले. चंद्राबाईंनी विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, क्रेनमुळे गरगरतंय.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला लागतो, आणि बेंगळुरात मंत्री एक वेळ वचन मोडेल, राहुकाळात दोरी ओढणार नाही. म्हणून मंत्र्यांच्या हस्ते अनावरणाचा मुहूर्त दहा वाजून दहा मिनिटांचा. विरोध करणारी दीड-दोनशे मुलं पहाटेपासूनच शिल्पाच्या डाव्या बाजूला बुंध्यांभोवती येऊन बसली होती. आता मंत्र्यांसमोर फलक नकोत म्हणून भीमाचार्यांनी घाईघाईनं अख्खं व्यासपीठ उचलून उजवीकडे नेलं. खुर्च्या गेल्या, माइक गेला, समई गेली. दोरी तेवढी डावीकडे राहिली. मग नागराजनं काय करावं? त्यानं लाल फीत सोडली, उजव्या टोकाला बांधली आणि तिथे दोरी अडकवली. दोरी ती दोरी, टोक ते टोक, त्याच्या मते झालं, प्रश्न मिटला.

कृष्णाजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते, छातीवर ‘आमंत्रित’ असा बिल्ला. दोरी उजवीकडे बांधलेली त्यांनी बघितली. ते उठून पुढे निघाले.

“कूतकोळ्ळी, कूतकोळ्ळी,” म्हणत पोलिसानं त्यांना खांदा दाबून खाली बसवलं.

“अहो, दोरी चुकीच्या बाजूला आहे.”

“सगळ्यांचीच तक्रार आहे यजमानरे. बसा.”

आणि मंत्र्यांनी दोरी ओढली. सनई-चौघडा वाजला, टाळ्या पडल्या, पडदा नाही पडला. मंत्री हसले, पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढताना कुलगुरूंनी हात लावला, चौथ्यांदा दोन डीननी. ओढाल तेवढी शिवण घट्ट बसत होती, आणि हे त्या सबंध मांडवात कृष्णाजींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मुलांनी आधी आ वासून बघितलं, मग त्यांच्यात एक हुशार निघाला आणि सगळ्यांनी मिळून मोजायला सुरुवात केली. “ओंदु, एरडु, मूरु.” विद्यापीठाच्या इतिहासात कुलगुरू आणि विद्यार्थी असे एका तालात कधी आले नव्हते.

दहा वाजून अठरा मिनिटं. कातर आणा, असं कुणीतरी म्हणालं. मंत्र्यांचा पीए म्हणाला, शुभकार्यात कातर नको. त्यानंच आठवड्यात चार फिती कातरीनं कापवल्या होत्या, पण ती गोष्ट वेगळी. भीमाचार्यांनी घाम पुसला, माइक घेतला आणि म्हणाले, “ज्यांनी हा पडदा शिवला ते श्री. कृष्णाजी इथे उपस्थित आहेत. कृष्णाजी, या.”

ज्या पोलिसानं त्यांना खाली दाबलं होतं त्यानंच आता दंड धरून उभं केलं. कृष्णाजी शिल्पाला वळसा घालून डावीकडे आले. तिथे, मुलांपासून चार पावलांवर, हातभर दोरा मोकळा लोंबत होता. त्यांनी तो उचलला. आता फक्त एक झटका. दहा वाजून एकवीस मिनिटांनी पन्नास फुटांची शिवण सर्रकन उसवली असती, चौतीस वर्षांचं नाव राहिलं असतं आणि दुपारी यादीत दहाच नावं आली असती.

त्यांनी मान वळवून प्रणिताकडे बघितलं. ती बुंध्यावर बसली होती, मांडीवर फलक, शेजारी हॉस्टेलवर राहणारी तिची मैत्रीण सोनम, सिक्कीमची, दोघींचे हात एकमेकींत अडकलेले. प्रणिता त्यांच्याकडे बघत होती. रागानं नाही. नुसती बघत होती.

इकडे भीमाचार्यांना वेळ भरून काढायचा होता. माइक हातात आणि बोलायला काही नाही, ही स्थिती त्यांना जन्मात सोसवली नाही. त्यांनी फाइलमधून एक कागद काढला.

“विरोध करणाऱ्या मुलांनी लक्षात घ्यावं,” ते म्हणाले, “की त्यांचे पालक आमच्याबरोबर आहेत. या कृष्णाजींचीच कन्या, कुमारी प्रणिता, या आंदोलनात होती. हे तिचं माफीपत्र.” आणि ते वाचायला लागले. कृष्णाजींनी न वाचलेल्या सगळ्या ओळी त्यांनी आता लाऊडस्पीकरवर ऐकल्या. माझी कन्या अपरिपक्व आहे. काही समाजविघातक सहाध्यायांनी तिची दिशाभूल केली. तिला मनापासून पश्चात्ताप झाला असून तिनं त्यांची नावं प्रशासनाला दिलेली आहेत.

दीडशे माना प्रणिताकडे वळल्या. तिला काय चाललंय तेच कळत नव्हतं. सोनमनं आपला हात सोडवून घेतला. फार नाही, वीतभर ती बाजूला सरकली. पलीकडच्या मुलीही सरकल्या. बुंध्यावर प्रणिता एकटी राहिली.

कृष्णाजींनी ती वीत बघितली. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस, ती वीत त्यांना बरोबर समजली. एवढी वीत मुलीच्या आणि जगाच्या मध्ये आपण घातली, आपल्या सहीनं, अर्ध्या कॉफीवर. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. हातातल्या दोऱ्याकडे त्यांनी बघितलं. मग दोन बोटांनी फास केला, टोक त्यातून काढलं, आवळलं, वर आणखी एक गाठ घातली. चौतीस वर्षांत ज्या जागी त्यांनी गाठ मारली नव्हती, त्या जागी दोन मारल्या. आता तो पडदा ब्रह्मदेव आला तरी दोरीनं सुटणार नव्हता.

मग ते सावकाश चालत व्यासपीठाजवळ आले.

“सुटत नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे काय?” भीमाचार्यांनी माइक बंद केला नव्हता.

“शिलाई चुकली. माझी चूक. हवं तर लिहून देतो, तुमच्याकडे छापील कागद असेलच.”

मुलांतून हशा उठला. कृष्णाजी हसले नाहीत. त्यांनी माइक भीमाचार्यांच्या हातातच धरला, काढून घेतला नाही, नुसता आपल्याकडे वळवला.

“आणि ते पत्र माझं आहे. माझ्या मुलीला ते माहीत नाही. तिनं माफी मागितलेली नाही, कुणाची नावंही दिलेली नाहीत. मी न वाचता सही केली. मला भीती वाटली म्हणून केली.” एवढं बोलून त्यांनी माइक परत भीमाचार्यांकडे वळवला.

दहा वाजून एकोणतीस मिनिटांनी मंत्र्यांनी घड्याळ बघितलं, दोरी विंचू असल्यासारखी टाकली आणि गाडीत बसले. त्यांना बारा वाजता व्हाइटफील्डला एका उड्डाणपुलाची कोनशिला बसवायची होती, आणि तिथपर्यंतचा ट्रॅफिक बघता ते वेळेत पोचले असतील असं वाटत नाही.

दुपारी घरी चंद्राबाईंनी ताटं मांडली आणि तोंडही सोडलं. बातमी चामराजपेटेत बापलेकीच्या आधी पोचली होती. “मी सांगत होते चष्मा बदला. वय झालं म्हणावं तर ऐकायचं नाही. आता कोण देणार काम? चार लोकांत हसं झालं.”

कृष्णाजी खाली मान घालून भात कालवत राहिले. प्रणिता समोर बसली होती. बसमध्ये ती त्यांच्याबरोबर आली होती, पण दोन सीट सोडून बसली होती.

“आई, चष्मा बरोबर आहे त्यांचा,” ती म्हणाली.

चंद्राबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि सार आणायला आत गेल्या.

“पत्राचा राग आहे मला,” प्रणिता म्हणाली. “अजून बरेच दिवस राहील.”

“राहू दे.”

“मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, हॉल तिकीट गेलं तर गेलं.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

तिनं भातावर मीठ घेतलं. मग वाटीतलं ताक त्यांच्या पुढ्यात सरकवत म्हणाली, “दोन गाठी मारल्यात. मी बघत होते.”

कृष्णाजींचे डोळे भरून आले. ताक तिखट आहे, असं ते म्हणाले.

पुढचं सगळं विद्यापीठाच्या रीतीनं झालं, म्हणजे काहीच झालं नाही. चौकशीला त्रिसदस्यीय समिती नेमली. शिल्पाखालच्या कोनशिलेवर ‘यांच्या शुभहस्ते अनावरण झाले’ असं आधीच कोरलेलं असल्यामुळे अनावरण झालं की नाही यावर समितीत दोन मतं पडली. मग निवडणुकीची आचारसंहिता आली, ती संपेपर्यंत कुलगुरूंची मुदत संपली. नव्या कुलगुरूंना जुन्यांचं शिल्प उघडून त्यांना मोठं करायचं नव्हतं आणि काढून वाईटपणा घ्यायचा नव्हता. झाकलेलंच बरं, असं ठरलं. अकरा जणांची यादी अजून फाइलीत आहे. तिच्यावर ‘अनावरणानंतर’ असा शेरा आहे आणि शेरा म्हणजे शेरा, त्यामुळे तिच्यावर सही होऊ शकत नाही. परीक्षा झाल्या. प्रणिता पहिल्या वर्गात आली आणि तिथेच पीएच.डी.ला लागली. त्या शुक्रवारनंतर सोनम आठ दिवस घरी जेवायला येत राहिली, काही न बोलता, तिची माफी मागायची पद्धत तीच होती.

जांभळं साटीन उन्हानं विटून आता गावठी वांग्याच्या रंगाचं झालंय. मुलांनी पुढच्या पाख्याची खालची कड ओढून बुंध्यांना बांधली आहे आणि त्या सावलीत बसून ती वाचतात. शून्य आणि अनंत आत काय बोलतात कोण जाणे, बाहेर सेट-नेटची तयारी चालते.

कृष्णाजींना मात्र त्यानंतर अनावरणाचं एकही काम आलं नाही. हंचाट्यांचा पडदा अडकतो, हे शहरभर झालं. सुरुवातीला त्यांना फार लागलं. फोन वाजला की ते मशीन थांबवायचे, आणि फोन बँडवाल्यांचा निघायचा. लग्नात कुणी मुद्दाम खोड काढायला विचारतं, काय कृष्णाजी, चौतीस वर्षांत एकदाही नाही ना? ते म्हणतात, “एकदा अडकला,” आणि पुढचं पान वाढतात. चंद्राबाई आता पानदान शोधायला उठत नाहीत.

गेल्या महिन्यात विद्यापीठाचं पत्र आलं. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला होता की झाकलेलं शिल्प पूर्ण झालेलं काम धरता येत नाही. नियमाप्रमाणे आवरण ज्यानं चढवलं त्यानंच ते उतरवायचं असतं, सबब श्री. हंचाटे यांनी एका आठवड्यात उपस्थित राहावं. खाली सही भीमाचार्यांची. कृष्णाजींनी ते पत्र तीन वेळा वाचलं. गेलं तर कातरीनं दोन गाठी कापायला अर्धं मिनिट पुरेल. शिवण सुटेल, नाव परत मिळेल. आणि संध्याकाळी अकरा नावांची ती फाइल उघडेल, मुलगी तर अजून तिथेच शिकते आहे.

त्यांनी पत्र प्रणितापुढे ठेवलं. “उत्तर लिही. तुझं कन्नड चांगलं आहे.”

“काय लिहू?”

“शिलाई बिघडलेली आहे. सुटण्याजोगी नाही. चूक सर्वस्वी शिंप्याची.”

प्रणितानं लिहिलं. स्वच्छ, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि खाली सहीच्या जागी बोट ठेवलं.

“थांब,” कृष्णाजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला आणि वरच्या पहिल्या ओळीपासून सगळं पत्र हळूहळू वाचून काढलं. मग सही केली.